इंजिनाच्या जबड्याचं माप

६ जानेवारी, मंगळवार
दुपार, जेवणाची सुट्टी

बाबू,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं की तू ते न फोडताच केरात टाकशील, म्हणून पत्ता आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडून लिहून घेतला. डॉक्टरचं अक्षर असूनही पोस्टमनला वाचता आलं, तेव्हा आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच.

सात महिने तू माझ्याशी बोललेला नाहीस. फोन केला की दोनदा वाजतो आणि कापला जातो. म्हणजे नाव बघतोस, मग कापतोस. निदान बघतोस तरी.

काल वहिनीचा फोन आला होता. तिच्यावर डाफरू नकोस, मीच तिला खोदून खोदून विचारलं. झोपेच्या डॉक्टरांनी दिलेलं हवेचं मशीन तू मोजून अकरा दिवस लावलंस आणि बाराव्या दिवशी खोक्यात भरून कपाटावर टाकलंस. "नाकाला सोंड बांधून झोपायला मी काय हत्ती आहे?" असं म्हणालास म्हणे. ती हसत सांगत होती, पण हसता हसता रडकुंडीला आली. तुझ्या रिपोर्टमध्ये तासाला सव्वीस वेळा श्वास अडकतो असं आहे. सव्वीस! ती बिचारी शेजारी पडून वाट बघत असते, की आता येईल, आता येईल. तो आला की तिच्या जिवात जीव येतो, आणि दोन मिनिटांनी पुन्हा तेच.

आपण हे सगळं हसण्यावारी नेलं रे. घोरण्यात बाबा मोठं इंजिन, तू छोटं इंजिन. पाहुणे आले की बाबा स्वतःच सांगायचे, "आमच्या घरात दोन इंजिनं आहेत, झोप लागली की गाडी सुटली समजा." बाबा दुपारी खुर्चीत झोपले आणि उठलेच नाहीत, तेव्हा सगळे म्हणाले, काय सुखाचं मरण. मीही म्हणाले. आता कुणी तसं म्हटलं की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते.

तर मुद्द्याचं. मशीन सोसत नसेल तर आणखी एक वाट आहे, आणि ती नेमकी माझ्या धंद्यातून जाते. मी दिवसभर काय करते हे घरात कुणी धड विचारलंच नाही, "ताई दात बनवते" एवढ्यावर सगळ्यांचं भागलं. मी माणसं बघत नाही. डॉक्टर तोंडात मसाला भरलेला साचा धरून दातांचं माप घेतात, ते खोक्यात घालून माझ्याकडे पाठवतात. मी त्यात प्लास्टर ओतते, जबडा उभा करते आणि त्यावर जे हवं ते बेतते. त्यातलंच एक उपकरण झोपेत श्वास अडकणाऱ्यांसाठी असतं. वरच्या दातांवर एक पट्टी, खालच्या दातांवर एक, आणि दोन्हींना जोडणारे बारीक स्क्रू. आम्ही त्याला जोडी म्हणतो. झोपेत खालचा जबडा मागे पडला की जीभही मागे पडते आणि हवेची वाट बंद होते. जोडी जबडा जरासा पुढे धरून ठेवते. नळी नाही, मशीन नाही, सोंड नाही.

सगळ्यांना ती चालते असं नाही. तुझा आकडा फार वरचा नाही, म्हणून चालेल असं वाटतं, पण ते माझ्या वाटण्यावर नाही. तुझ्या झोपेच्या डॉक्टरांना विचार. मग दातांच्या डॉक्टरकडे जा. ते दात, हिरड्या आणि कानापुढचा जबड्याचा सांधा तपासतील. तुझा सांधा पूर्वी कटकट वाजायचा, ते त्यांना आवर्जून सांग. सांधा दुखरा असेल तर आधी त्याचं बघावं लागतं. जोडी मिळाल्यावरही जबडा एकदम ओढायचा नसतो, आठवड्याला केसाएवढा. शेवटी जोडी तोंडात घालून पुन्हा झोपेची तपासणी. डेपोची वैद्यकीय तपासणी मे महिन्यात आहे ना? तोवर रिपोर्ट सुधारला नाही तर तुझं बसचं स्टिअरिंग कायमचं जाईल, हे मला माहीत आहे आणि तुला माझ्याहून जास्त माहीत आहे.

सुट्टी संपली. प्लास्टर कुणासाठी थांबत नाही.

आणि हो, झोपेत दातांवर घालायला मी पूर्वी दिलेला तो जुना गार्ड अजून असेल तर टाकून दे. जुना झालाय.

ताई

१९ जानेवारी, सोमवार
सकाळ, दुकान उघडण्याआधी

बाबू,

उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी रोज खालची टपालपेटी दोनदा उघडते. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना वाटतंय की मला कुणाचं तरी प्रेमपत्र येणार आहे.

वहिनी म्हणाली, पत्र वाचलंस, घडी घातलीस आणि खिशात ठेवलंस. मी विचारलं, आणि गार्ड? ती म्हणाली, "तो तर रोज घालतात की, ताई. मशीन नाही, पण तुमचा गार्ड घातल्याशिवाय आडवे होत नाहीत. प्रवासातसुद्धा डबीत बरोबर असतो."

बाबू, तो गार्ड घालू नकोस. सहा वर्षांचं प्लास्टिक आहे ते. त्याला बारीक भेगा पडतात, भेगांत जंतू बसतात. ऐक माझं.

तू काय म्हणशील ते मला इथे बसून ऐकू येतं. "तुझं ऐकून आजवर काय भलं झालं?" बरोबर आहे. मग तेही आज लिहूनच टाकते, कारण सात महिने आपण दोघंही त्या गोष्टीला वळसा घालतोय.

हो, मीच सांगितलं. डेपोच्या साहेबांना दुसऱ्या कुणी सांगितलं नाही. तुझ्या कंडक्टरने नाही, एखाद्या प्रवाशाने नाही. तू कंडक्टरशी भांडलास म्हणे, त्याची माफी माग. जूनमधली ती दुपारची बस. मी तुझ्या मागच्या सीटवर होते. आरशात तुझे डोळे दिसत होते. मग ते मिटले. मला वाटलं, धूळ गेली असेल. मी मनात एक म्हटलं, दोन म्हटलं, तीन म्हटलं आणि बस कडेच्या खडीवर गेली. तेवढ्या आवाजाने तू जागा झालास, गाडी सरळ घेतलीस, मोठ्याने म्हणालास, "खड्डा होता!" एका बाईच्या मांडीवर चहा सांडला, ती रस्ते बांधणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडत बसली. कुणालाच कळलं नाही. मला कळलं, कारण खड्डा नव्हता. बसमध्ये एकतीस माणसं होती, मी उरलेल्या वाटेवर सारखी तीच मोजत होते.

उतरल्यावर मी तुझ्याकडे आले नाही, सरळ साहेबांच्या खोलीत गेले. हेच तुला लागलंय, मला ठाऊक आहे. आधी माझ्याशी का बोलली नाहीस, हेच ना? बोलले असते तर तू काहीतरी नक्कल करून मला हसवलं असतंस, वहिनीच्या हातचा चहा पाजून परत पाठवलं असतंस आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडी काढली असतीस. लहानपणापासून तू मला असंच गुंडाळत आलास. त्या दिवशी मला गुंडाळून घ्यायचं नव्हतं.

तुला गाडीवरून काढून सुट्या भागांच्या गोदामात बसवलं. अठरा वर्षं चाक धरलेला माणूस आता नटबोल्ट देतो. माझ्यामुळे. तरीही उद्या तीच बस असेल तर मी पुन्हा त्याच खोलीत जाईन. हे लिहिताना माझा जबडा इतका आवळला गेलाय की कानाखाली कळ येते आहे.

ते वेगळंच प्रकरण आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, माझ्याही जबड्याच्या सांध्याचं दुखणं आहे. मी दिवसभर दातांवर दात दाबून बसते. दुसऱ्यांचे जबडे उभे करता करता स्वतःचा बिघडवला. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला, असं राहायला सांगितलंय. विसरू नये म्हणून मी दुकानभर लाल टिकल्या चिकटवल्यात. भिंतीवर, दिव्यावर, प्लास्टरच्या डब्यावर. टिकली दिसली की दात सोडायचे. दुकानाला गोवर झाल्यासारखं दिसतं.

गार्ड काढ. एवढंच.

ताई

२ फेब्रुवारी, सोमवार

बाबू,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, गोदामाच्या मागणीच्या चिठ्ठीमागे लिहिलेल्या तीन ओळी. पाठ झाल्या आहेत. "सांगितलंस हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कंडक्टरशी भांडण दुसरंच होतं. गार्ड ठीक आहे, दात वाजत नाहीत. तुझ्या हातून माझ्यासाठी एवढी एक गोष्ट धड झाली, ती तरी काढून घेऊ नकोस."

दोन तास मी काही करू शकले नाही. मग एका म्हातारबुवांचा वरचा जबडा हातातून पडला आणि त्याचे पुढचे दात उडाले. नशीब, प्लास्टरचाच होता.

मी आज यापुढे लिहू शकत नाही. तू तो घालू नकोस, एवढंच पुन्हा सांगते. का ते विचारू नकोस.

ताई

५ फेब्रुवारी, गुरुवार
सकाळचे सहा

बाबू,

विचारू नकोस असं लिहिणं हा भ्याडपणा होता. सोमवारचं पत्र टाकलं आणि पेटीत हात घालून परत काढता येतं का बघितलं. हात मनगटापर्यंत जातो, पुढे अडतो.

आता सांगते. ते जंतूंचं वगैरे सगळी थाप होती. म्हणजे जंतू असतात, पण मला त्यांची काळजी नव्हती.

सहा वर्षांपूर्वी वहिनी म्हणाली की तू झोपेत दात खातोस, कराकरा आवाज येतो, सकाळी जबडा दुखतो, घास चावताना कट्कन वाजतो. मी म्हटलं, एवढंच ना? एका रविवारी तुला दुकानात बोलावलं. माप डॉक्टरने घ्यायचं असतं, मला ते करायची परवानगी नाही. तुलाही माहीत होतं. पण घरचं काम, त्याला कशाला डॉक्टर? मी मसाला कालवला, तुझ्या तोंडात साचा कोंबला, तुला उमासे आले, तू डोळ्यांतून पाणी काढत गाईसारखा आवाज केलास आणि आपण दोघं पोट धरून हसलो. त्याच संध्याकाळी मी तुझा गार्ड बनवला. वरच्या दातांवर बसणारा, सपाट, काचेसारखा स्वच्छ. माझ्या हातून इतका सुरेख गार्ड आधी झाला नव्हता. आमच्याकडे प्रत्येक कामात माणसाचं नाव लिहिलेली कागदाची बारीक चिठ्ठी प्लास्टिकच्या आत घालायची पद्धत आहे, बदलाबदल होऊ नये म्हणून. फॉर्मवर असेल तेच नाव घालायचं, हा नियम. तुझा फॉर्मच नव्हता. मी चिठ्ठीवर "इंजिन" लिहिलं. डाव्या दाढेपाशी बघ, अजून वाचता येईल.

तीन आठवड्यांनी वहिनीचा फोन आला. "ताई, जादू झाली. दात वाजायचे थांबले. घोरणं मात्र वाढलंय, पण ते काय त्यांचं नेहमीचंच." आणि मी हसले. बाबू, मी हसले, मला ते हसणं जसंच्या तसं आठवतं. म्हणाले, "इंजिनाला आता सायलेन्सर राहिला नाही."

गेल्या डिसेंबरात मी माझा जबडा घेऊन डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत बसले. मी म्हटलं, बाई, मला एक सपाट गार्ड द्या म्हणजे झालं, मीच बनवते. त्यांनी गार्डचं नावही काढलं नाही. आधी विचारलं, "झोपेत घोरता का? श्वास अडकतो असं कुणी सांगितलंय का? दिवसा पेंग येते?" मी म्हटलं, दुखतोय जबडा आणि विचारताय झोपेचं, याचा संबंध काय? त्या म्हणाल्या, "ज्यांचा श्वास झोपेत अडकतो, त्यांतल्या काहींचा सपाट गार्डने आणखी अडकू शकतो. म्हणून मी विचारल्याशिवाय कुणाला देत नाही. आणि दात खाणं हीसुद्धा कधी कधी श्वास अडकत असल्याची खूण असते. नुसते दात वाजायचे थांबवले तर खूण जाते, दुखणं राहतं."

मी विचारलं, एखाद्याला दिलाच असेल तर? त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाल्या, "सगळ्यांना त्रास होतो असं नाही. त्या माणसाला झाला का, हे तपासल्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही."

म्हणजे मला माहीत नाही. कदाचित गार्ड नसता तरी तुझे सव्वीसच झाले असते. कदाचित पंधरा झाले असते आणि जूनमध्ये ते तीन सेकंद आलेच नसते. ही गोष्ट मला आयुष्यभर कळणार नाही, आणि मी ती दोन महिने पोटात ठेवली. साहेबांच्या खोलीत मी ताठ मानेने उभी राहून सांगितलं की याची झोप तपासा. बसमधल्या माणसांसाठी मी किती योग्य वागले याचा मला अभिमान होता. तो अभिमान जाऊ नये म्हणून मी तुला खरं सांगितलं नाही. तुझी गाडी मी काढून घेतली आणि तुझं दुखणंही कदाचित मीच वाढवलं, या दोन वाक्यांतलं दुसरं मला लिहिता येत नव्हतं.

तुझी चिठ्ठी आली आणि माझा धीर सुटला. तू माझ्यावर इतका रागावलास, फोन कापलास, तोंड बघत नाहीस, तरी मी केलेली वस्तू रोज तोंडात घालून झोपतोस. आणि काढायला हवी ती नेमकी तीच.

आज झोपण्याआधी तो घालू नकोस. टाकूही नकोस. डबीत ठेव आणि तुमच्या तिथल्या दातांच्या डॉक्टरला दाखव. झोपेच्या डॉक्टरांना सांग की सहा वर्षं हा वापरत होतो, तपासणीच्या वेळीही घातला होता का तेही सांग. दात पुन्हा वाजतील, जबडा दुखेल. दुखला तर कोमट पाण्याच्या पिशवीने शेक, चिवट काही चावू नकोस, जांभई देताना हनुवटीखाली मूठ धर. आणि तोवर ते मशीन कपाटावरून उतरव. मास्क नाकाला टोचत असेल तर बदलून मिळतो, तेही विचार. हत्ती तर हत्ती. जिवंत हत्ती चालेल मला.

चूक झाली माझी. माफ कर असं म्हणत नाही, ते तू ठरव. गार्ड मात्र काढ.

ताई

२० फेब्रुवारी, शुक्रवार

बाबू,

पंधरा दिवस झाले. वहिनीही फोन उचलत नाही. म्हणजे तिलाही सांगितलंस. सांगायलाच हवं होतं, ती सहा वर्षं शेजारी झोपते.

तुला एक गंमत सांगते, तुझा राग थोडा तरी निवेल. गेल्या गुरुवारी सकाळी उठले आणि तोंडच उघडेना. दीड बोट, बस्स. दातखीळ बसली म्हणतात ना, तशी साक्षात. दात घासायचा ब्रश आडवा जाईना. तुझ्या ताईची बोलती बंद झाली, बाबू! तू नक्कल करायला इथे हवा होतास.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सांध्यातली गादी सरकून अडकली आहे. जोर लावून उघडायचं नाही, घाबरायचं नाही. औषध, शेक, पातळ खाणं, आणि दिवसातून सहा वेळा आरशासमोर जबडा हळूहळू सरळ उघडायचा व्यायाम. मी आठ दिवस सूप आणि कुस्करलेल्या केळ्यावर आहे. आता दोन बोटं उघडतं. माझ्यासाठी गार्ड करायचं ठरलंय, सगळे प्रश्न विचारून झाल्यावर. पण तो मी करायचा नाही असं त्यांनी बजावलंय. दुसऱ्या दुकानातून करून आणणार आहेत. मी मान खाली घालून हो म्हटलं. पूर्वी भांडले असते.

व्यायाम करताना आरशात बघते तर बाबांसारखी दिसते. त्यांना कुणी तपासायला नेलंच नाही. आपण पाहुण्यांना बोलावून त्यांचं घोरणं ऐकवायचो.

माझा पाय एका जागी ठरत नाही. काम करते, उठते, पेटी बघते, परत येते. मास्तरांनी काल विचारलं, "काय, आलं का?" मी दोन बोटं तोंड उघडून नाही म्हटलं. तू बोलू नकोस हवं तर. शिव्या लिहून पाठव. फक्त एवढं कळव, काढलास का? एक शब्द. "काढला" किंवा "नाही". कोऱ्या कागदावर फुली मारलीस तरी मला कळेल.

ताई

११ मार्च, बुधवार
दुकानातून, काम तसंच ठेवून

बाबू,

आज सकाळी कुरियरने पाच खोकी आली. चार नेहमीच्या डॉक्टरांची, पाचवं कुणा नव्याच डॉक्टरांचं, शिक्का तुमच्या गावचा. इथे रोज अनोळखी डॉक्टरांची खोकी येतात. मी मन घट्ट केलं आणि ते शेवटी उघडलं. आधी चारही कामं लावली. एवढी शिस्त मी आयुष्यात पाळलेली नाही.

आत वरच्या आणि खालच्या दातांची मापं होती, आणि जबडा किती पुढे धरायचा ते दाखवणारा मेणावर उठवलेला चाव्याचा ठसा. मी फॉर्म बघितला नाही. प्लास्टर कालवलं, ओतलं, आत बुडबुडे राहू नयेत म्हणून यंत्रावर धरून हलवलं आणि घट्ट व्हायची वाट बघत बसले. माणसांचे चेहरे मी विसरते, दात विसरत नाही. साचा सोडवला तर समोर तू. खालचा तो वाकडा सुळा, बाबांसारखा. वरच्या पुढच्या दाताचा टवका, मी तुला सायकलवरून पाडलं होतं तेव्हाचा. उजवीकडची एक दाढ मात्र नाही. ती कधी काढलीस? मला कुणी सांगितलं नाही. आणि दात किती झिजलेत रे! गार्ड असूनही एवढे झिजले.

मग खोक्याच्या तळाशी डबी दिसली. त्यात तो गार्ड होता. काचेसारखा केला होता, आता पिवळा पडलाय आणि दोन्हीकडच्या दाढांपाशी आरपार भोकं पडली आहेत. तू सहा वर्षं तो चावून चावून भेदलास, दात तरी कसे टिकतील? डाव्या बाजूची चिठ्ठी तेवढी शाबूत आहे. अक्षर फिकट झालंय. डबीवर चिकटपट्टी लावून तू लिहिलं आहेस, "काढला. ता. ७ फेब्रुवारी."

म्हणजे माझं पत्र पोचलं त्याच दिवशी. आणि मी महिनाभर पेटी उघडत होते! एवढं तरी कळवायचंस की रे, दगडासारखा गप्प बसलास. बरोबर आहे, मीही दोन महिने गप्प होते.

शेवटी फॉर्म वाचला. डॉक्टरांनी सगळं नीट लिहिलंय. झोपेच्या डॉक्टरांची चिठ्ठी जोडलेली. जबड्याचा सांधा तपासला, थोडा दुखरा आहे, म्हणून सुरुवातीला अगदी कमी पुढे, मग हळूहळू. पुन्हा झोपेची तपासणी एप्रिलअखेर. तोवर मशीन चालू, मास्क बदलून दिला आहे. ही ओळ मी तीनदा वाचली. हत्ती झालास तर.

विशेष सूचनांच्या रकान्यात मात्र डॉक्टरांचं अक्षर संपतं आणि तुझं सुरू होतं. "सांधा डॉक्टरांनी तपासला आहे. माप डॉक्टरांनी घेतलं आहे. ताईने फक्त बनवावं. उमासे यावेळीही आले, पण हसायला कुणी नव्हतं."

मी इथे वेड्यासारखी रडले. तोंड तीन बोटं उघडलं, बाईंना सांगायला हवं.

घाई करणार नाही, बाबू. फॉर्मवर पंधरा दिवस लिहिलेत, मी पंधरा घेईन. शंका आली तर तुमच्या डॉक्टरांना फोन करून विचारीन. काम झालं की त्यांच्याकडेच पाठवीन, ते तुझ्या तोंडात बसवून बघतील. जुना गार्ड मी ठेवून घेते, माझ्या टेबलाच्या वर, लाल टिकलीच्या शेजारी.

हे लिहीत असतानाच तुमच्या डॉक्टरांच्या मदतनीस बाईंचा फोन आला. फार अवघडून बोलत होत्या. म्हणाल्या, "मॅडम, एक घोळ झालाय. नाव रुग्णाने स्वतःच भरलं आणि मी न बघताच खोकं बंद केलं. तिथे काहीतरी भलतंच लिहिलंय, इंजिन वगैरे. तुम्हाला आत नावाची चिठ्ठी घालायची असेल ना? खरं नाव सांगू का?"

मी म्हटलं, नको. नाव बरोबर आहे.

ताई